भरतीची रेषा आणि कोळीवाडा

आपण जुहूच्या वाळूत उभे आहात असे समजा. भरतीच्या रेषेपासून जमिनीकडे 500 मीटरपर्यंत बांधकामावर 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने बंधने घातली. हेतू चांगलाच. पण त्या पट्ट्यात हॉटेलवाला येतो, तसा जुहूचा कोळीही. हॉटेलवाला थांबेल, वकील देईल. कोळ्याच्या घरी सून आली की खोली वाढवावीच लागते! म्हणून 2011 मध्ये मुंबईच्या कोळीवाड्यांची हद्द आखून घरबांधणीस वाट दिली गेली. 2019 मध्ये गोठलेले चटईक्षेत्रही सुटले, आणि किनाऱ्याजवळच्या जमिनीचे मोल वाढले. तेव्हा हद्द आखताना नुसती घरे मोजून भागत नाही. होड्या ओढायची वाळू, मासळी वाळवायची जागा नकाशात आली नाही, तर बिल्डरच्या लेखी ती मोकळी जमीन.