घरातल्या संगणकांसाठी केबल बरी की वायफाय?

रात्रीचे नऊ वाजलेत. हॉलमध्ये टीव्हीवर सिनेमा सुरू आहे. मुलगी आतल्या खोलीत क्लासचं ऑनलाइन लेक्चर ऐकतेय आणि बाबा ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर आहेत. तेवढ्यात बाबांचा आवाज तुटायला लागतो. मग ठरलेला उपाय होतो: प्लॅन वाढवून घ्या. १०० एमबीपीएसचा प्लॅन ३००चा होतो, महिन्याचं बिल वाढतं, आणि आठवडाभरात आवाज पुन्हा तुटतो.

असं का होतं? कारण इंटरनेट आपल्यापर्यंत दोन टप्प्यांत पोहोचतं. पहिला टप्पा कंपनीपासून घरातल्या राउटरपर्यंतचा. दुसरा टप्पा राउटरपासून आपल्या संगणकापर्यंतचा. प्लॅन वाढवला की फक्त पहिला टप्पा सुधारतो. अडचण दुसऱ्या टप्प्यात असेल, तर वाढीव पैसे वाया जातात. घरात दोन-चार संगणक असतील, तर हा दुसरा टप्पा केबलचा असावा की वायफायचा, हे आधी नीट ठरवायला हवं.

वायफायचा वेग कुठे जातो?

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. सभेत एकच माइक असावा, तसं. घरात टीव्ही, चार मोबाइल आणि तीन संगणक असतील, तर सगळ्यांना तोच माइक पाळीपाळीने मिळतो.

त्यात शेजारीही असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. इमारतीत मोबाइलवर वायफायची यादी उघडली की पंधरा-वीस नावं सहज दिसतात. ही सगळी नेटवर्क मुख्यतः त्या तीन चॅनेलमध्ये दाटीवाटीने राहतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा जास्त आहे आणि वेगही जास्त मिळतो, पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर थकतात. आरसीसीच्या भिंतीतल्या सळया, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा हे सगळे त्यांच्या वाटेतले अडथळे.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. लांबच्या खोलीतल्या संगणकाला सिग्नल कमी मिळाला, की तो हळू बोलतो आणि माइक जास्त वेळ अडवून ठेवतो. त्यामुळे राउटरजवळ बसलेल्यांचाही वेग कमी होतो.

राउटरच्या खोक्यावरचा आकडाही जपून वाचावा. १२०० एमबीपीएस लिहिलेल्या राउटरमध्ये बहुधा २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज केलेली असते. एका लॅपटॉपला एका वेळी साधारण एकच पट्टा मिळतो आणि प्रत्यक्ष वापरात त्यातलाही बराच भाग गळतो.

केबलने काय साधतं?

केबलमध्ये प्रत्येक संगणकाला स्वतःची वेगळी वाट मिळते. पाठवणं आणि घेणं एकाच वेळी चालतं आणि शेजाऱ्याच्या राउटरचा त्रास नसतो. गिगाबिट पोर्ट असेल तर १०० मीटरपर्यंत १००० एमबीपीएसचा वेग मिळतो.

संगणकातल्या मोठ्या फाइल घरातल्या घरात हलवताना हा फरक लगेच कळतो. लग्नाचं ५० जीबीचं शूटिंग एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायचं आहे, असं समजा. गिगाबिट केबलवर हे काम सात-आठ मिनिटांत होतं. जोडणी १०० एमबीपीएसची असेल तर सव्वा तासाच्या आसपास लागतो. या कामात इंटरनेटच्या प्लॅनचा काहीच संबंध नाही.

व्हिडिओ कॉल, ऑनलाइन परीक्षा किंवा मुलाखत यांना मात्र फार वेग लागत नाही. त्यांना स्थिर जोडणी लागते. केबलवरून राउटरपर्यंत जायला साधारण एक मिलिसेकंदही लागत नाही. वायफायवर हाच वेळ कधी तीन मिलिसेकंद असतो, तर गर्दी झाली की एकदम शंभरावर जातो. आवाज तुटतो तो या चढउतारामुळे.

अर्थात केबल म्हणजे जादू नव्हे. प्लॅन ५० एमबीपीएसचा असेल, तर केबल लावून इंटरनेट ५१चं होणार नाही.

मग कोणाला काय द्यावं?

सोपा नियम असा: जे जागचं हलत नाही त्याला केबल, जे हातात फिरतं त्याला वायफाय.

- डेस्कटॉप, स्मार्ट टीव्ही, फाइल साठवायचं यंत्र: केबल.
- ऑफिसचं काम किंवा परीक्षा ज्या टेबलावर होते तिथला लॅपटॉप: केबल. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीचा छोटा अडॅप्टर मिळतो.
- मोबाइल, टॅबलेट, घरभर फिरणारा लॅपटॉप: वायफाय.

टीव्ही आणि डेस्कटॉप केबलवर गेले, की वायफायवरची गर्दी कमी होते. म्हणजे मोबाइललाही फायदा होतो.

केबल टाकताना

घरासाठी कॅट ५ई पुरेशी आहे. नव्याने पाइप टाकत असाल तर कॅट ६ घ्या. साधारण ५५ मीटरपर्यंत ती १० गिगाबिटही पेलते. दुकानात शुद्ध तांब्याचीच केबल मागा. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ती लवकर तुटते.

केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. त्यामुळे एखादी तार नीट बसली नाही, तर नेट बंद पडत नाही, पण बऱ्याचदा वेग गुपचूप १००वर येतो. वायरमन जाण्याआधी संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग १००० दिसतो का, ते पाहा. राउटरचे पोर्ट गिगाबिट आहेत ना, हेही तपासा. अनेक स्वस्त राउटरचे पोर्ट १००चेच असतात.

केबल विजेच्या वायरच्या पाइपातून नेऊ नका. भाड्याच्या घरात भिंत न फोडता केसिंगच्या पट्टीतून स्कर्टिंगच्या कडेने नेता येते. राउटरचे पोर्ट कमी पडले तर साधा स्विच लावा. घरात मिनी यूपीएस असेल तर स्विचलाही त्यावर घ्या, नाहीतर वीज गेली की केबलवरचे संगणक आधी तुटतील. तांब्याची केबल गच्चीवरून दुसऱ्या इमारतीत नेणं टाळा. पावसाळ्यात जवळ वीज पडली तर दोन्ही टोकांची यंत्रं जळू शकतात.

केबल शक्यच नसेल तर?

आधी राउटर दाराजवळच्या कोपऱ्यातून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. साधा रिपीटर तोच माइक दोनदा वापरतो, त्यामुळे वेग बहुधा निम्म्यावर येतो. लांबच्या खोलीपर्यंत एक जरी केबल नेता आली, तर तिच्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. तो जोडताना त्याचं डीएचसीपी बंद करा, म्हणजे दोन्ही राउटर पत्ते वाटत बसणार नाहीत.

पैसे खर्च करण्याआधी

एक छोटी केबल घ्या, लॅपटॉप थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. मग तोच लॅपटॉप नेहमीच्या जागी नेऊन वायफायवर मोजा. दोन्ही वेळा रात्री, घरात सगळे नेट वापरत असताना. केबलवरही वेग प्लॅनपेक्षा खूप कमी असेल, तर तक्रार कंपनीकडे करा. केबलवर ठीक आणि वायफायवर रखडत असेल, तर दोष घरातल्या वाटेत आहे. त्यासाठी प्लॅन वाढवू नका, त्या टेबलापर्यंत केबल टाका.