नाचणी व तिचे रानटी आप्त : रंगसूत्रांची साक्ष

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील डोंगरउतारांच्या वरकस जमिनीवर नाचणी पिकते. राबावर वाढविलेली रोपे पावसाळ्यात तेथे लावतात. त्याच शेतांच्या बांधांवर बोटांच्या आकाराचे, नाचणीसारखेच परंतु सडपातळ कणीस धरणारे एक गवत आपोआप उगवते. शास्त्रात त्यास ‘एल्युसिनी इंडिका’ म्हणतात. हे गवत नाचणीचे पूर्वज असावे व नाचणी येथेच जन्मली असावी, असा तर्क सहज सुचतो. तो कितपत टिकतो हे केवळ रूपसाम्यावरून ठरणार नाही. त्यासाठी रंगसूत्रांची साक्ष काढावी लागते.

गवताच्या कायिक पेशीत 18, तर नाचणीच्या पेशीत 36 रंगसूत्रे असतात. संख्या नेमकी दुप्पट असली तरी तेवढ्यावरून नाते सिद्ध होत नाही. खरा कस संकरजात लागतो. या दोहोंच्या संकरजात 27 रंगसूत्रे येतात : नाचणीकडून 18 व गवताकडून 9. गवताचाच संच दुणावून नाचणी झाली असती, तर अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी तीन-तीन रंगसूत्रांचे गट वारंवार दिसले असते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील हिरेमठ व सालीमठ यांनी 1992 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र 9 जोड्या व 9 एकाकी रंगसूत्रे, हीच मांडणी प्रामुख्याने आढळली. अर्थात नाचणीचा एक संच या गवताचा, तर दुसरा भिन्न जातीचा होय. तो दुसरा पूर्वज अद्याप निश्चित झालेला नाही.

जन्मस्थानाचा प्रश्न निराळा आहे. 36 रंगसूत्रांची रानटी नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशांत आढळते व पिकाशी होणारा तिचा संकर सुफल असतो. म्हणून तीच निकटची पूर्वज मानली जाते. बांधावरचे गवत हे नाचणीचे एका बाजूचे, दूरचे आप्त ठरते.

या निष्कर्षास व्यावहारिक महत्त्व आहे. 27 रंगसूत्रांचा संकरज वंध्य असल्याने करप्यासारख्या रोगास प्रतिकार करणारे गुण या गवतातून पिकात आणणे दुर्घट होय. याउलट पाड्यापाड्यांवर जतन केलेल्या नाचणीच्या जुन्या वाणांचा परस्परांशी संकर विनासायास फलद्रूप होतो. तेव्हा अभ्यासकाने बांधावरील गवताचे नमुने अवश्य घ्यावेत. परंतु घराघरांतील बियाणे लुप्त होण्यापूर्वी त्याचा संग्रह करणे, हे अधिक निकडीचे कार्य आहे.