उकिरड्याचे पांग

आमच्या घरची एक जुनी रीत आहे. दिवाळीच्या संध्याकाळी तुळशीपाशी, गोठ्यात, विहिरीच्या काठावर पणत्या लावून झाल्या की शेवटची पणती उकिरड्यावर ठेवावयाची. लहानपणी इंझोरीस हे काम माझ्याकडे असे, आणि मी ते नाक दाबून उरकीत असे. "नाक काय दाबतं रे? तुह्या ताटातली भाकर इथूनच येते," काका म्हणत.

ते खोटे नव्हते. शेण, काडीकचरा, चुलीची राख वर्षभर कुजे आणि उन्हाळ्यात बंडीने शेतात जाई. ह्या कुजण्याला शास्त्राची बैठक दिली ती इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी. १९३१ सालच्या त्यांच्या पुस्तकावर यशवंत वाड ह्या सहकाऱ्याचेही नाव आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

आता गोठ्यात एकच गाय उरली, तेव्हा उकिरडाही रोडावला. म्हणून गेल्या उन्हाळ्यात काकांनी एका शहराच्या कचरा डेपोवरून 'खत' म्हणून दोन ट्रॉल्या माल आणविला. रंग काळाभोर, भाव स्वस्त. एक ट्रॉली अर्ध्या एकरात पसरली, दुसरी बांधाशी ओतली. मृगाचा पाऊस पडला आणि मी गावी गेलो, तो शेत चमचम करीत होते. काचेचे तुकडे, गोळ्यांची वेष्टने, पिशव्यांच्या चिंध्या आणि फुटलेले सेल! काकांचा अंगठा कापला होता. "खत घेतलं का काचीचं दुकान?" ते म्हणाले, पण हसले नाहीत.

काच वेचता येते. खरे भय न दिसणाऱ्या मालाचे. बॅटरी, जुना रंग, विजेची मोडकी उपकरणे यांतून शिसे, कॅडमियम, पारा येतो. शेण कुजते, शिसे कधीच कुजत नाही. ताज्या ढिगातून झिरपणारे काळे पाणी आंबट असते आणि ते हे धातू विरघळवून मातीत नेते. आपली काळी, चुनखडीची माती त्यांना धरून ठेवते. विहिरीच्या दृष्टीने हे बरे. पण धरते ती वरच्या थरात, जेथे मुळे असतात. शिवाय उन्हाळ्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून थेट खाली उतरते. कॅडमियम तर पालेभाजीत लवकर चढते. काकूला तेथेच मेथी लावावयाची होती.

आमच्या तर दोनच ट्रॉल्या. पुण्याचा कचरा ज्यांच्या शिवारात वर्षानुवर्षे पडला, त्या उरुळी देवाची व फुरसुंगीच्या लोकांनी विहिरी नासल्याची तक्रार किती वेळा करावी? २०१७ च्या एप्रिलात डेपोला आग लागली, तेव्हा त्यांनी गाड्याच अडविल्या. मुंबईचे देवनार १९२७ पासून कचरा गिळीत आले. २०१६ च्या जानेवारीत ते पेटले, तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला.

नियम नाहीत असे नव्हे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टात किलोमागे शिसे १०० व कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. आमच्या ट्रॉलीबरोबर कागदाचा चिटोराही नव्हता. मृद आरोग्य पत्रिका पाहिली, तर तीत बारा गोष्टी तपासतात. शिसे, कॅडमियम त्यांत नाहीत. म्हणजे ज्याची धास्ती, त्याचाच रकाना नाही!

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. ही म्हण रचणाऱ्याने बॅटरीचा सेल पाहिला नसावा.

मेथीचा वाफा आता घराच्या परसात आहे. अर्ध्या एकरात खाण्याचे काही पेरावयाचे नाही. पुढल्या मृगात तेथे कपाशी. बांधावरचा ढीग ताडपत्रीखाली आहे, कारण तो परत न्यायला कोणी तयार नाही.

दिवाळीला काकूने पणत्या मोजल्या आणि विचारले, "त्या ढिगावरही एक ठेवू का?"

"तो आपला उकिरडा नाही," काका म्हणाले, आणि ताडपत्रीवरचा दगड नीट बसवू लागले.