गवंड्यांच्या जिल्ह्यातल्या पायवाटा

क्रोझ हा मध्य फ्रान्समधला एक जिल्हा. पूर्वीच्या लिमूझँ प्रांतातला हा भाग २०१६ च्या फेररचनेत नूव्हेल-आकितेन या मोठ्या प्रांतात गेला. क्षेत्रफळ साडेपाच हजार चौरस किलोमीटरांहून थोडे जास्त. लोकसंख्या मात्र सव्वा लाखही नाही. गेरे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आपल्याकडच्या साध्या तालुक्याच्या गावापेक्षा लहान आहे. दक्षिणेला मिलव्हाश पठाराच्या बाजूला जमीन नऊशे मीटरांच्या वर जाते आणि उत्तरेकडे हळूहळू उतरत येते. मधला सगळा प्रदेश ग्रॅनाइटच्या गोलसर टेकड्यांचा आहे. चढ लहान, उतारही लहान. दम लागायच्या आत माथा येतो. शेते बेताच्या आकाराची, प्रत्येकाभोवती झुडपांचे आणि ओक वृक्षांचे जिवंत कुंपण, आत लिमूझँ जातीच्या तांबूस गाई चरत असतात. कुंपणांनी असे कप्पे पाडलेल्या शेतजमिनीला फ्रेंच लोक ‘बोकाज’ म्हणतात. कड्याकपारी चढायची हौस असणाऱ्याने आल्प्सला जावे. ज्याला दिवसभर नुसते चालायचे आहे त्याच्यासाठी क्रोझसारखा मुलूख फ्रान्समध्ये क्वचितच सापडेल.

इथली शांतता निसर्गाने दिलेली नाही, ती माणसे निघून गेल्यामुळे आली आहे. १८५१ मध्ये या जिल्ह्यात २ लाख ८७ हजार लोक राहत होते. जमीन हलकी आणि खाणारी तोंडे जास्त, म्हणून हजारो पुरुष दर वसंतात गवंडीकामासाठी पॅरिस, लियों अशा शहरांकडे निघत आणि हिवाळ्याच्या तोंडाशी परतत. मागे शेती बायका आणि म्हातारी माणसे सांभाळत. यांतल्या मार्तँ नादो या गवंड्याचे नाव फ्रान्सला चांगले ठाऊक आहे. १८१५ साली सूब्रबो गावाच्या एका वस्तीत जन्मलेला हा मुलगा १८३० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, वडिलांबरोबर चालत पॅरिसला निघाला. ही टोळी ओर्लेआँपर्यंत पायी गेली, पुढचा प्रवास घोडागाडीतून झाला. पुढे तो लोकप्रतिनिधी झाला, १८५१ च्या सत्तापालटानंतर इंग्लंडमध्ये परागंदा झाला आणि म्हातारपणी त्याने आपल्या आठवणी लिहिल्या. हंगामी गवंड्यांच्या जगाविषयी इतके आतून लिहिलेले दुसरे पुस्तक मिळणे कठीण. रेल्वे आल्यावर ये-जा सोपी झाली, तसे पुष्कळजण बायकामुलांसह शहरातच राहू लागले. पहिल्या महायुद्धाने तरुण पुरुषांची आणखी एक पिढी नेली. आज क्रोझच्या वस्त्यांमधून चालताना बंद खिडक्यांची घरे ओळीने दिसतात. घडीव दगडाची ती घरे इतकी नेटकी आहेत की बांधणाऱ्याचा धंदा काय होता ते सांगावे लागत नाही.

माणसे गेली, पण त्यांच्या वाटा राहिल्या. वस्तीपासून शेताकडे, गिरणीकडे, चर्चकडे, कपडे धुण्याच्या दगडी हौदाकडे जाणाऱ्या या जुन्या गाडीवाटा आहेत. गाडीची चाके, गुरांचे खूर आणि पावसाचे पाणी यांनी काही वाटा दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा पुरुषभर खोल गेल्या आहेत. त्यांच्या कडांना शेवाळलेले दगडी बांध आणि वर झाडांची कमान असते. अशा वाटेला फ्रेंचमध्ये ‘खोलगट वाट’ म्हणतात आणि त्यातला ‘खोलगट’ या अर्थाचा फ्रेंच शब्द जिल्ह्याच्या नावाचेच दुसरे रूप आहे. उन्हाळ्याच्या दुपारीही इथे गारवा असतो. ओल मात्र वर्षभर हटत नाही.

या वाटांवर कोणालाही चालता येते, त्यामागे कायदा आहे. गावकुसाबाहेरच्या अनेक वाटा ग्रामपंचायतीच्या, म्हणजे ‘कम्यून’च्या मालकीच्या असतात आणि लोकांना वापरासाठी खुल्या असतात. वापर थांबला की शेजारचा शेतकरी वाट नांगरून टाकतो किंवा कम्यून ती विकून मोकळी होते, असे फ्रान्सभर घडत आले. त्याला आळा घालणारी तरतूद १९८३ च्या कायद्यात झाली. भटकंतीच्या वाटांची जिल्हावार यादी करण्याचे काम जिल्हा परिषदांकडे आले. यादीतली वाट विकायची तर आधी तिच्या बदल्यात दुसरी योग्य वाट द्यावी लागते. हे संरक्षण कागदावर रुक्ष दिसते, पण ते नसते तर आजच्या कित्येक वाटा गव्हाखाली गडप झाल्या असत्या.

वाटांवरच्या खुणांची पद्धत त्याहून जुनी आहे. ज्याँ ल्वाझो याच्या कल्पनेतून १९४७ मध्ये लांब पल्ल्याच्या पायवाटांची राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि त्याच वर्षी लुआर नदीकाठी ओर्लेआँ ते बोजाँसी हा पहिला टप्पा आखला गेला. आजचा फ्रेंच पदभ्रमण महासंघ हा त्या समितीचाच वारस. मराठी वाचकाला ‘जीआर’ म्हटले की शासननिर्णय आठवेल. फ्रान्समध्ये त्याचा अर्थ लांब पल्ल्याची पायवाट असा होतो आणि तिची खूण म्हणजे पांढऱ्याखाली लाल अशा दोन आडव्या पट्ट्या. एखाद्या प्रदेशाला प्रदक्षिणा घालणाऱ्या वाटेवर पिवळी आणि लाल पट्टी असते. दिवसभरात किंवा त्याहून कमी वेळात संपणाऱ्या, बहुधा निघाल्या ठिकाणीच परत आणणाऱ्या छोट्या वाटेची खूण एकच पिवळी पट्टी. पट्ट्यांखाली वळणाचा बाण असला तर वळायचे, फुली दिसली तर वाट चुकली असे समजून मागे फिरायचे. झाडांवर, खांबांवर आणि दगडांवर रंगवलेल्या या खुणा मुख्यतः स्वयंसेवक ताज्या ठेवतात. तरीही १:२५,००० प्रमाणाचा सरकारी नकाशा जवळ असावा. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अडीचशे मीटर, आणि वस्तीतले एकेक घरही दिसते.

जिल्ह्यातली सर्वांत गाजलेली चाल क्रोझ नदीच्या खोऱ्यातली. फ्रेसलीन गावाखाली मोठी क्रोझ आणि धाकटी क्रोझ यांचा संगम होतो आणि गावातून तिथे उतरायला पायवाट आहे. १८८९ च्या वसंतात चित्रकार क्लोद मोने इथे काही आठवडे राहिला आणि त्याने या खोऱ्याची वीसहून अधिक चित्रे काढली. हवा इतकी लहरी होती की संगमावरचा एक निष्पर्ण ओक रंगवून होईपर्यंत त्याला पालवी फुटली. चित्र अर्धे राहिलेले. मोनेने मालकाची परवानगी काढली आणि माणसे लावून झाडाची पाने खुडून घेतली! खाली थोड्या अंतरावर क्रोझाँ हे गाव आहे. दोन नद्यांमधल्या सोंडेवर तिथे मध्ययुगीन किल्ल्याचे भग्नावशेष उभे आहेत. आर्मां गियोमँ या चित्रकाराला १८९१ मध्ये सोडतीत एक लाख फ्रँक लागले, नोकरी सुटली, आणि पुढची अनेक वर्षे त्याने हेच गाव पुन्हा पुन्हा रंगवले.

त्या चित्रांच्या प्रती हातात घेऊन आज काठाने चालणारा गोंधळतो. चित्रांत उघडे उतार आहेत आणि त्यांवर जांभळ्या फुलांची हेदरची झुडपे. प्रत्यक्षात दिसते ते दाट रान. पूर्वी या उतारांवर मेंढ्या चरत, त्यामुळे झाडोरा वाढत नसे. मेंढपाळ गेले आणि रान वर आले. शिवाय १९२६ मध्ये खालच्या बाजूला एगुझाँचे धरण पूर्ण झाले, तेव्हा क्रोझाँजवळची खळाळती नदी संथ जलाशय झाली.

जिल्ह्याच्या ईशान्येला तूल-सँत-क्रवा गावाजवळच्या टेकडीवर ‘पिएर झोमात्र’ नावाचे अजस्र ग्रॅनाइटचे गोटे एकमेकांवर तोलून राहिले आहेत. जुन्या अभ्यासकांना त्या बळी देण्याच्या वेद्या वाटत; खरे म्हणजे ती ऊनपावसाने झिजवलेली खडकाची रूपे आहेत. लेखिका जॉर्ज सँडची ‘जान’ ही १८४४ ची कादंबरी इथूनच सुरू होते. जवळच बूसाकचा किल्ला आहे, आणि ‘युवती आणि एकशिंगी’ ही जगप्रसिद्ध भित्तिवस्त्रे लेखक प्रॉस्पेर मेरिमेला १८४१ मध्ये तिथेच सापडली. आता ती पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयात आहेत. मासगो ही वस्ती छोटी, पण वाट वाकडी करून पाहावी अशी. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रांस्वा मिशो या पाथरवटाने आपल्या घराच्या आणि बागेच्या भिंतींवर नेपोलियनपासून प्राण्यांपर्यंत मूर्ती घडवून ठेवल्या आहेत.

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चालण्याचे चांगले महिने. शरदात चेस्टनटची फळे वाटेवर पडलेली असतात, रानात अळंबीही उगवते. पण अळंबीवर कायद्याने जमीनमालकाचा हक्क असतो. शरदापासून हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत शिकारीचा हंगाम असल्याने भडक रंगाचे कपडे घालावेत आणि शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर दुसरी वाट धरावी. उंच गवतात गोचीड असतात, त्यांच्या चाव्यातून लाइम रोग होऊ शकतो. पायभर विजार घालावी आणि संध्याकाळी अंग तपासावे. कुंपणाचे फाटक जसे सापडले तसेच सोडावे. दुकाने विरळ, दुपारी बरीचशी बंद, म्हणून शिदोरी आणि पाणी सकाळीच भरून घ्यावे. गावात बेकरी उघडी मिळालीच तर पावाच्या पिठात बटाटा आणि साय भरून भाजलेला इथला ‘पाते’ सोडू नये. शाकाहाऱ्याने आत मांस नाही ना एवढे विचारावे.

पॅरिस-तुलूझ लोहमार्गावरचे ला सूतेरेन हे जिल्ह्याचे रेल्वेचे दार. गवंड्यांचे कित्येक दिवसांचे अंतर गाडी सुमारे तीन तासांत कापते. व्हेझले गावापासून स्पेनमधल्या सांतियागोच्या दिशेने जाणारी जुनी यात्रावाट, म्हणजेच जीआर ६५४, याच गावातून पुढे जाते.