लाळेंतील आनुवंशिक खुणा

थुंकीनें पाटी पुसणाऱ्या कित्येक मुलांना मीं वर्गाबाहेर उभें केलें आहे. त्याच थुंकीविषयीं आदरानें बोलण्याचा प्रसंग आज माझ्यावर आला आहे.

लाळेंत शेंकडा ९९ भाग पाणीच असतें. परंतु गालाच्या आंतील अस्तरापासून सुटलेल्या पेशी व रक्तांतील पांढऱ्या पेशीही तींत मिसळलेल्या असतात, आणि या पेशींत आईबापांकडून आलेला डी. एन. ए. असतो. म्हणून सुई न टोंचतां, केवळ नळींत थुंकून, मनुष्याचा शारीरिक वारसा वाचतां येतो. हा वारसा जन्मभर बदलत नाहीं. तेव्हां ही परीक्षा एकदांच केली तरी पुरते.

लंडन येथें झालेल्या ‘बारकोड १’ या प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ सालीं प्रसिद्ध झाले. ५५ ते ६९ वर्षांच्या पुरुषांनीं घरूनच लाळ पाठविली, व तिच्यांतील डी. एन. ए. मधील १३० ठिकाणें तपासण्यांत आलीं. प्रत्येक ठिकाणचा फरक इतका क्षुद्र कीं, एकट्याला कांहींच अर्थ नाहीं. सर्वांची बेरीज मात्र बोलकी ठरते. त्या बेरजेवरून ६३९३ पैकीं ७४५ जण अधिक धोक्याचे ठरले. त्यांपैकीं ४६८ जणांचें एम. आर. आय. चित्रण करून प्रोस्टेट ग्रंथीचे सूक्ष्म तुकडे तपासले, तेव्हां १८७ जणांस कर्करोग आढळला. यांतील १०३ जणांचा रोग उपचार करण्याजोगा होता, आणि पी. एस. ए. ही रक्तपरीक्षा व चित्रण यांवर विसंबणाऱ्या नेहमींच्या पद्धतींत त्यांतले ७४ जण निसटून गेले असते!

आंकडे प्रभावी खरे. तथापि २८१ जणांनीं सुई सोसली आणि निघालें कांहींच नाहीं, हेंही हिशेबांत धरलें पाहिजे. लाळ सांगते तो रोगाचा संभव. प्रत्यक्ष रोग नव्हे. शिवाय ही बेरीज युरोपीय वंशाच्या पुरुषांपुरतीच बसविलेली होती. तिच्यावरून माझा क्रम लावणें म्हणजे एका शाळेच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या शाळेच्या उत्तरसूचीवरून तपासण्यासारखें होय.

माझ्या वडील बंधूंना हाच रोग झाला होता. तेवढें एक वाक्य ऐकतांच डॉक्टरांनीं माझ्या रक्ततपासणीची चिठ्ठी लिहून दिली. थुंकी मागितली नाहीं.