‘थांब’ म्हटल्यानं टिक थांबत नाही

दुसरी-तिसरीतलं मूल संध्याकाळी गृहपाठाला बसलं आहे. उजवा डोळा दोनदा घट्ट मिटतो, नाक आक्रसतं, मान झटक्यात डावीकडे जाते. क्षणभर शांत, मग पुन्हा तेच. आई म्हणते, “अरे, असं करू नको.” मूल “बरं” म्हणतं, मिनिटभर स्थिर बसतं आणि मग आधीपेक्षा जोरात मान झटकतं.

सोलापुरात विडी घरकुलपासून जुळे सोलापूरपर्यंत कुठल्याही घरात हे दिसू शकतं. आजी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढते. शेजारीण मोबाईलला दोष देते, वडील लाडांना. डोळ्यांत घालायचे थेंब आणले जातात. डोळे तपासून घेणं योग्यच आहे, पण तिथे काही सापडलं नाही तर टिकचा विचार करायला हवा.

टिक म्हणजे अचानक, झटक्यात आणि पुन्हापुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज. डोळे मिचकावणं, खांदा उडवणं, तोंड वाकडं करणं ही हालचालीची टिक. खाकरणं, नाक ओढणं, घशातून हुंकार काढणं ही आवाजाची. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या संपतात, तरी असं खाकरणं जात नाही. टिक साधारण चार ते सहा वर्षांच्या वयात सुरू होते, बहुधा डोळ्यांपासून. मुलींपेक्षा मुलांमध्ये ती तीन-चार पट अधिक आढळते. ती जागाही बदलते: डोळ्यांची टिक थांबते आणि महिन्याभरात खांद्याची सुरू होते. घरच्यांना वाटतं, मूल मुद्दाम नवीन खोडी काढतंय.

ते मुद्दाम नाही, हे कळण्यासाठी एक करून पाहा. पापणी न लववता पुढची चार वाक्यं वाचा. आधी जमेल. मग डोळ्यांत चुरचुर वाढेल, लक्ष मजकुरावरून डोळ्यांवर जाईल आणि शेवटी पापणी मिटल्यावर सुटल्यासारखं वाटेल. टिक असलेल्या बऱ्याच मुलांना, विशेषतः आठ-दहा वर्षांच्या पुढे, अगदी अशीच आतून येणारी कळ जाणवते. ती थोडा वेळ दाबता येते, कायमची नाही. म्हणूनच शाळेत पाच-सहा तास आवरून धरणारं मूल घरी दप्तर टाकताच मोकळं होतं. बाईंना काही दिसत नाही आणि आईला सगळं दिसतं. दोघीही खरंच बोलत असतात.

मेंदूत काय होतं, ते सोलापूरकराला मागावरून चटकन कळेल. चादर विणताना ताण्याचे असंख्य धागे एकत्र ताणलेले असतात. नक्षीप्रमाणे ठरावीक धागे वर उचलले जातात, बाकीचे खाली राहतात आणि मधून धोटा बाणा घेऊन जातो. नको तो धागा वर आला, तर कापडावर भलतीच रेघ उमटते. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया नावाचे पेशीसमूह आहेत. त्यांचं काम बरंचसं असंच: हवी ती हालचाल उचलायची, नको त्या दाबून ठेवायच्या. टिक होते तेव्हा नको असलेली हालचाल या पकडीतून निसटते. त्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध आहे आणि अनुवंशाचा मोठा वाटा आहे. लाडांनी किंवा वळण कमी पडल्यानं हा आजार जडत नाही. मुलाची बुद्धीही त्यानं कमी होत नाही.

टिक सुरू होऊन वर्षही झालं नसेल, तर ती तात्पुरती मानतात. पुष्कळ मुलांची अशीच येते आणि जाते. वर्ष उलटलं आणि फक्त हालचालीची किंवा फक्त आवाजाची टिक असेल, तर ती दीर्घकालीन. हालचालीच्या अनेक टिक आणि आवाजाची निदान एक, असं वर्षाहून अधिक काळ चाललं, तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. २०१८ च्या ‘हिचकी’ चित्रपटात राणी मुखर्जीनं साकारलेल्या शिक्षिकेला हाच आजार आहे. तोंडून शिव्या येणं हेच याचं लक्षण, असा समज आहे. प्रत्यक्षात ते दहातल्या एखाद-दोघांतच दिसतं.

दहा ते बारा वर्षांच्या सुमारास टिक सर्वांत जोरात असते. नंतर बहुतेकांची कमी होत जाते. काहींची पूर्ण थांबते, थोड्यांची मोठेपणीही राहते. मधल्या काळात ती कमी-जास्त होतच असते. परीक्षा, जागरण, आजारपण, अगदी आनंदाची धामधूमही ती वाढवते. जानेवारीत गड्ड्याची जत्रा फिरून दमलेल्या मुलाची टिक वाढलेली दिसली, तर घाबरू नये. चित्र काढण्यात किंवा खेळात रमलं की तीच टिक कमी होते.

घरचा पहिला उपचार म्हणजे टोकणं बंद करणं. “थांब” म्हटलं की मुलाचं लक्ष टिककडे जातं, ताण वाढतो आणि टिकही वाढते. पाहुण्यांसमोर नक्कल तर कधीच करू नये. शिक्षकांना एकदा नीट समजावून सांगावं: हे मूल वर्गाचा अपमान करत नाही, गरज पडल्यास त्याला दोन मिनिटं बाहेर जाऊ द्यावं.

टिकमुळे मान दुखत असेल, अभ्यास अडत असेल किंवा मुलं चिडवत असतील, तर उपचार घ्यावेत. आधी औषध नव्हे, सवयीचं प्रशिक्षण. मूल कळ ओळखायला शिकतं आणि ती येताच टिकला आड येणारी हालचाल करतं. मान झटकत असेल, तर हनुवटी किंचित खाली घेऊन, मानेचे स्नायू हलके ताणून, संथ श्वास घेत कळ ओसरेपर्यंत थांबायचं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या १२६ मुलांवरच्या अभ्यासात या प्रशिक्षणानं निम्म्याहून अधिक मुलांना स्पष्ट फरक पडला. केवळ समजूत आणि आधार मिळालेल्यांत तो पाचातल्या एकालाही पडला नाही. औषधं आहेत, पण त्यांनी झोप किंवा वजन वाढू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावीत.

टिकसोबत पुष्कळदा अतिचंचलता किंवा मंत्रचळ असतो आणि मुलाला त्याचाच अधिक त्रास होतो. तेही डॉक्टरांना सांगावं. टिकमध्ये मूल शुद्धीत असतं. शुद्ध हरपत असेल, मूल एकटक पाहत राहत असेल किंवा झालेलं आठवत नसेल, तर ती फिट असू शकते, तिथे उशीर नको.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, बालरोग आणि मनोविकार असे दोन्ही विभाग आहेत. जाताना मोबाईलवर टिकचं छोटं चित्रीकरण न्यावं, कारण डॉक्टरांसमोर मूल टिक आवरून धरतं. घरबसल्या सल्ल्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

आज संध्याकाळी मुलाची मान पुन्हा झटकली, तर काही बोलू नका. गृहपाठातलं पुढचं गणित विचारा.