घरातली शाळा, नाताळ आणि नव्या वर्षाची वही

 

नाताळ आणि नवं वर्ष यांच्या निमित्तानं आज मी तुम्हाला अमेरिकेतल्या एका वेगळ्या प्रकारच्या घराची माहिती सांगणार आहे. ही ख्रिस्ती कुटुंबं मुलांना शाळेत घालत नाहीत. आई-वडीलच त्यांना घरी शिकवतात. याला तिकडे ‘होमस्कूलिंग’ म्हणतात. सणाचं काम, घरखर्च आणि मुलांची शाळा, हे सगळं तिथं एकाच घरात आणि बहुतेक वेळा एकाच बाईच्या अंगावर असतं. ती ते कसं निभावते, नवं वर्ष लागताना काय ठरवते, यातलं आपल्या कामाचं काय आणि आपण मुळीच घेऊ नये असं काय, ते बघू.

आधी ही घरातली शाळा म्हणजे काय ते समजून घेऊ. अमेरिकेत १९९३ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत मुलांना घरी शिकवणं कायदेशीर झालं. सरकारी पाहणीनुसार २०१६ मध्ये तिथली सुमारे १७ लाख मुलं घरी शिकत होती, म्हणजे शंभरातली तीन-साडेतीन. करोनाच्या काळात हा आकडा बराच वाढला. कारणं अनेक असतात. शाळेतलं वातावरण नको, शिकवणं पसंत नाही, मूल आजारी आहे. त्या २०१६ च्या पाहणीत साधारण निम्म्या पालकांनी धर्माचं शिक्षण हेही एक महत्त्वाचं कारण सांगितलं.

नियम मात्र राज्याराज्यात वेगळे आहेत. टेक्सासमध्ये सरकारला कळवावंही लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये दर तीन महिन्यांनी अहवाल द्यावा लागतो. पेनसिल्व्हेनियात शिकवणाऱ्या पालकाचं शालेय शिक्षण पूर्ण झालेलं असावं लागतं. वर्षात १८० दिवस शिकवल्याची नोंद ठेवावी लागते, आणि वर्षअखेरीला मुलांच्या कामाची फाईल बाहेरच्या जाणकार शिक्षकाकडून तपासून घ्यावी लागते. थोडक्यात, नीट चालणाऱ्या घरातल्या शाळेलाही हजेरी असते, वही असते आणि तपासणी असते. आपल्या गटाला जशी असते, तशीच.

आता डिसेंबरकडे येऊ. २५ डिसेंबरच्या आधीच्या चार रविवारांपासून नाताळची तयारी सुरू होते. या काळाला ‘ॲडव्हेंट’ म्हणतात, आपल्याकडची मराठी ख्रिस्ती मंडळी आगमनकाळ म्हणतात. बऱ्याच घरांत हिरव्या पानांचं एक गोल कडं करून त्यात चार मेणबत्त्या लावतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. पहिल्या रविवारी एक पेटते, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत नाताळला मधली पांढरी मेणबत्ती पेटते. आशा, शांती, आनंद आणि प्रेम असे त्या चार मेणबत्त्यांचे अर्थ मुलांना सांगतात. काही घरांत एका फांदीवर रोज एक कागदी चित्र टांगतात. आज नोहाचं तारू, उद्या योसेफाचा रंगीत झगा, परवा दावीद राजाचा मुकुट. चित्र टांगलं की त्यामागची बायबलमधली गोष्ट सांगायची. लहानग्यांचं वाचन, चित्रकला आणि धर्मशिक्षण एका बैठकीत होतं.

शाळेचं काय करायचं, यावर या आयांनी शोधलेला उपाय मला फार आवडला. डिसेंबरमध्ये त्या सगळी पुस्तकं चालू ठेवायचा हट्ट धरत नाहीत. पुष्कळ जणी फक्त गणित आणि वाचन ठेवतात, बाकीचं कपाटात. आणि सणाचं जे काम करायचंच आहे, त्यालाच अभ्यास करून टाकतात. बिस्किटं आणि केक करताना पाव कप, अर्धा कप, पाऊण कप मोजायचं काम मुलाकडे. घटक दुप्पट करायचे असतील तर पाऊण कपाचे किती होतील, हे त्यानंच सांगायचं. भेट मिळाली की आभाराचं पत्र स्वतः लिहायचं, तो झाला निबंध. नातेवाइकांची शुभेच्छापत्रं कुठल्या गावाहून आली ते नकाशात शोधायचं, तो झाला भूगोल. वृद्धाश्रमात जाऊन गाणी म्हणायची, गरीब मुलांसाठी बुटाच्या खोक्यात वह्या, पेन्सिली, खेळणी भरून पाठवायची. शिकवणारीचं ओझं त्यामुळं थोडं कमी होतं, कारण स्वयंपाकघर आणि वर्ग वेगळे राहत नाहीत.

खर्चाचंही बघा. आई घरी शिकवते म्हणजे बहुतेक घरांत पगार एकच. म्हणून अनेक कुटुंबं रोख पैसे वेगवेगळ्या पाकिटांत घालून ठेवतात. किराणा, भेटवस्तू, दानधर्म, प्रवास. पाकीट संपलं की तो खर्च थांबला. मुलांच्या भेटींनाही एक साधा नियम काही घरांनी लावून घेतला आहे. प्रत्येकाला चारच गोष्टी: एक हवीशी वाटणारी, एक गरजेची, एक अंगावर घालायची आणि एक वाचायची. आपल्याकडे डाळीच्या डब्यात नोटा ठेवणाऱ्या बायकांना ही पाकिटांची रीत वेगळी सांगायला नको. फरक एवढाच, की तिथं ती पाकिटं नवरा आणि मुलं यांच्यासमोर उघडतात आणि भरतात.

आता जानेवारी. अमेरिकेत शाळेचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं आणि मे-जूनला संपतं. म्हणून जानेवारी हा वर्षाचा मध्य. बाकीचं जग नवे संकल्प करत असतं, तेव्हा ही आई आधी जुना हिशोब काढते. समजा १८० दिवसांपैकी ८४ दिवस शिकवून झाले. उरले ९६. जानेवारी ते मे हे साधारण २१ आठवडे, आठवड्याचे पाच दिवस धरले तर १०५ दिवस मिळतात. म्हणजे आजारपण आणि पाहुणे यांच्यासाठी नऊ दिवस हाताशी. एवढं कळलं की पुढचं ठरवता येतं. कुठलं पुस्तक पूर्ण होईल, कुठलं सोडून द्यावं लागेल, कुठलं मूल मागे आहे.

मुलांची ध्येयं ठरवताना अनेक ख्रिस्ती घरं चार रकाने करतात. लूकच्या शुभवर्तमानात येशू ज्ञानानं, शरीरानं, देवाच्या आणि माणसांच्या कृपेत वाढला असा उल्लेख आहे. त्यावरून हे चार रकाने: बुद्धी, शरीर, श्रद्धा आणि माणसांशी वागणं. प्रत्येक मुलासाठी प्रत्येक रकान्यात एकच गोष्ट लिहायची. बुद्धीत ‘पाढे बारापर्यंत’, शरीरात ‘रोज अर्धा तास बाहेर खेळणं’, वागण्यात ‘धाकट्याला वाचून दाखवणं’. घरातली कामंही कागदावर वाटून भिंतीला लावतात. भांडी, कपड्यांच्या घड्या, कचरा. मुलगा असो की मुलगी, नाव लागतंच.

श्रद्धेच्या रकान्यातलं एक ध्येय फार जणांचं असतं, ते म्हणजे वर्षभरात पूर्ण बायबल वाचणं. त्याची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. प्रॉटेस्टंट मंडळींच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. ३६५ दिवसांनी भागलं तर रोज तीन ते चार अध्याय. स्कॉटलंडच्या रॉबर्ट मरे मॅकशेन नावाच्या तरुण धर्मगुरूनं १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी रोजच्या वाचनाचं वेळापत्रक करून दिलं होतं, ते आजही वापरात आहे. पण सुरुवात जोरात होते आणि थोड्या आठवड्यांत गाडी अडते. म्हणून लहान मुलं असलेल्या घरांत ध्येय लहान करतात. मार्कच्या शुभवर्तमानात १६ अध्याय आहेत. रोज एक वाचला तर १६ दिवसांत एक पुस्तक पूर्ण. मुलालाही आपण काहीतरी संपवल्याचा आनंद मिळतो.

घरी शिकवणाऱ्या आया फेब्रुवारीला घाबरून असतात. थंडी, बर्फ, सगळे घरात कोंडलेले, सणाचा उत्साह संपलेला. याच महिन्यात शिकवणारी आई थकून बसते. म्हणून अनुभवी बाया नव्या बाईला सांगतात की जानेवारीत फार लिहू नकोस, आणि यादीत स्वतःचंही नाव घाल. तिची झोप, तिचं एखादं पुस्तक, आठवड्यातला तिचा एक तास. दुसरा आधार म्हणजे ‘को-ऑप’. चार-सहा किंवा जास्त कुटुंबं आठवड्यातून एकदा एकत्र जमतात. एक आई सगळ्यांच्या मुलांना विज्ञान शिकवते, दुसरी संगीत, तिसरी लहानग्यांना सांभाळते. को-ऑप म्हणजे सहकारच. एकटीला जड जाणारं काम दहा जणींनी वाटून घ्यायचं, ही गोष्ट गटातल्या बाईला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मैत्रिणींनो, आता दुसरी बाजूही सांगायला हवी. या पद्धतीवर तिथंच टीका होते. जिथं कुणी तपासायला येत नाही, तिथं मूल खरंच शिकतंय का, त्याचे हाल तर होत नाहीत ना, हे बाहेर कळतच नाही. मुलांना वेगळ्या विचारांची, वेगळ्या धर्माची मुलं कमी भेटतात. आणि आईच्या एवढ्या कष्टांना पगार नाही, तिची स्वतःची कमाई थांबते ती थांबतेच.

आपल्याकडे तर ‘घरी शिकवू’ या शब्दांचा अर्थच वेगळा होतो. ‘पोरीला आता शाळेत नको पाठवायला, घरीच शिकेल काय ते,’ असं कुणी म्हणालं, की ती पोर धुणं, भांडी आणि धाकटी भावंडं सांभाळण्यात अडकते आणि पुढं लवकर बोहल्यावर चढते. तिथं घरातल्या शाळेला शिकलेली आई, पुस्तकं आणि रोजचे तास असतात. इथं शाळा सोडवून आणलेल्या मुलीला यातलं काही मिळत नाही. म्हणून शाळेऐवजी घर, हे आपण घ्यायचं नाही. शाळेला घराची जोड, एवढं घ्यायचं.

६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्यानं दिला आहे. दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. गावात हंगामी वसतिगृह असेल तर तिथं चौकशी करावी. दहावीच्या आत शाळा सुटलेल्या मुलीला १७ नंबरचा फॉर्म भरून परीक्षेला बसता येतं. गटात अशी एखादी मुलगी कुणाच्या घरी असेल, तर बैठकीत तिचा विषय निघालाच पाहिजे.

नव्या वर्षाचा तिसराच दिवस सावित्रीबाईंचा. त्यांना जोतीरावांनी घरीच अक्षरओळख करून दिली. पण त्या घरात थांबल्या नाहीत. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकेहून आलेल्या सिंथिया फरार या मिशनरी बाईंकडे त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. याच बाईंची मुलींची शाळा पाहून जोतीरावांना पुण्यात मुलींसाठी शाळा काढायचं बळ मिळालं होतं. १८४८ मध्ये पुण्यात ती शाळा सुरू झाली. घरात सुरू झालेलं शिक्षण मुलींच्या शाळेपर्यंत गेलं, ही आपली परंपरा आहे.

मग आपण जानेवारीत काय करायचं? तीनच कामं सांगते.

एक, संक्रांतीच्या कामाला अभ्यास करा. तिळगुळासाठी तीळ किती, गूळ किती, भाव काय, एका लाडवाला खर्च किती पडला, हे मुलांकडून काढून घ्या. मुलगी पाक बघत असेल तर मुलानं तीळ निवडावेत.

दोन, गटाची वही घरी मुलांना दाखवा. पाच हजार कर्ज, महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज, म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याज १०० रुपये. मुद्दलाचे ५०० फेडले की उरले ४,५००, आणि पुढच्या महिन्याचं व्याज ९०. सातवीतल्या मुलीला हे सहज जमतं. आणि आपल्या वहीत काय लिहिलंय ते तपासणारं माणूस घरात तयार होतं.

तीन, जानेवारीच्या बैठकीत प्रत्येकीनं वहीच्या एका पानावर चार ओळी लिहाव्यात. मुलांच्या शिक्षणाची एक, घराच्या तब्येतीची एक, पैशाची एक आणि चौथी स्वतःसाठी. प्रत्येक ओळ मोजता येईल अशी. ‘बचत वाढवीन’ असं न लिहिता ‘महिन्याला ५० रुपये जास्त टाकीन’ असं लिहा. ‘तब्येत सांभाळीन’ असं न लिहिता ‘फेब्रुवारीत रक्त तपासून घेईन’ असं लिहा. लिहिता न येणारीनं शेजारच्या मुलीकडून लिहून घ्यावं. मार्चच्या बैठकीत ती पानं पुन्हा उघडायची. जी ओळ झाली नाही तिच्यावरून कुणाला बोलायचं नाही, ती लहान करून पुन्हा लिहायची.

चौथी ओळ रिकामी ठेवू नका, एवढंच माझं सांगणं. आपल्या गावात नाताळ साजरा करणाऱ्या भगिनींना नाताळच्या शुभेच्छा, आणि सगळ्यांना नवं वर्ष सुखाचं जावो.